आरव्हीत एसी चालतो, पण मागच्या खोलीत गार वारा पोचत नाही? नवं मशीन घेण्याआधी हे करून बघा

मागच्या ऑगस्टमध्ये आई-बाबा नागपूरहून आमच्याकडे टेक्सासला आले होते. त्यांना घेऊन आम्ही आमचा २६ फुटी ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर (आरव्ही), गार्नर स्टेट पार्कला नेला. दिवसभर फ्रिओ नदीच्या पाण्यात सगळे मजेत होते. रात्री मागच्या खोलीतला मोठा पलंग आई-बाबांना दिला. दोन वाजता बाबा उठून पुढे आले आणि सोफ्यावर बसले. नागपूरचे सत्तर उन्हाळे काढलेला माणूस म्हणाला, "अरे, मशीनचा आवाज येतोय, पण तिकडे वारा लागतच नाही." मी जाऊन छतातल्या व्हेंटखाली, म्हणजे गार वारा बाहेर येण्याच्या तोंडाखाली, हात धरला. झोत नव्हताच, नुसती फुंकर. पुढे ओट्यापाशी मात्र हात गारठत होता.

घरी परतल्यावर ट्रेलर एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवला. तिथल्या माणसाने त्याच मागच्या व्हेंटखाली हात धरला आणि मशीन थकलंय, नवं बसवा, असं सांगून १,८०० डॉलरचा अंदाज हातात दिला. पैसे देण्याआधी एकदा एसीखालची छताची जाळी स्वतः उघडून बघायचं ठरवलं. मशीन ठणठणीत निघालं. ते गार वारा तयार करत होतं, पण तो वारा व्हेंटपर्यंतच्या वाटेत गळत होता. दोन सकाळी आणि सत्तर डॉलरच्या आतलं सामान, एवढ्यात काम झालं.

आमच्या ओळखीत ट्रेलर घेणारी मराठी कुटुंबं वाढली आहेत आणि पहिल्या उन्हाळ्यात जवळपास प्रत्येकाचा फोन याच तक्रारीसाठी येतो. म्हणून क्रमाने लिहितो आहे. छतावर एक एसी आणि छताच्या पोटातून गार हवा व्हेंटपर्यंत नेणारे बोगदे, म्हणजे डक्ट, अशी ज्यांची गाडी आहे त्यांना सगळं लागू पडेल. डक्ट नसतील, म्हणजे वारा थेट मधल्या जाळीतूनच येत असेल, तर पायरी ५ सोडून द्या.

आधी रचना समजून घ्या

छताला साधारण १४ इंच बाय १४ इंचांचं चौकोनी भोक असतं. त्यावर बाहेरून मशीन बसतं, बहुधा १३,५०० किंवा १५,००० बीटीयूचं (बीटीयू म्हणजे गार करण्याच्या ताकदीचं माप). खोलीतली हवा वर खेचणं आणि गार करून परत खाली ढकलणं, ही दोन्ही कामं त्या एकाच भोकातून होतात. त्यासाठी भोकाच्या मधोमध एक पडदी उभी केलेली असते. तिच्या एका बाजूने खोलीची हवा वर जाते, दुसऱ्या बाजूने गार हवा खाली येऊन डक्टमध्ये शिरते. पडदीत फट पडली की गार हवा डक्टमध्ये न जाता शेजारच्या खेचणाऱ्या बाजूला वळते आणि पुन्हा मशीनमध्ये जाते. मशीन तीच हवा फिरवत बसतं आणि खोली तापलेलीच राहते.

आपल्यापैकी बरेच जण कूलरवर वाढलेले आहेत. कूलरला खिडकी उघडी लागते, कारण तो बाहेरची हवा आत घेतो आणि आतली बाहेर जाऊ देतो. एसीचं नेमकं उलटं आहे. तो आतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो. त्यामुळे हवेची परतीची वाट जाणाऱ्या वाटेइतकीच महत्त्वाची आहे, आणि नवीन माणूस नेमकी तीच विसरतो.

लागणारं सामान

- सळईचा डिजिटल थर्मामीटर, स्वयंपाकाचा चालेल. दोन असले तर उत्तम
- अ‍ॅल्युमिनियम फॉइलची चिकटपट्टी, अडीच ते तीन इंच रुंद, दोन रिळं
- अर्धा ते एक इंच जाडीची कडक फोम शीट. हार्डवेअरच्या दुकानात गुलाबी किंवा निळी मिळते
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुने सुती कपडे
- स्क्रू ड्रायव्हर, कटर, मोजपट्टी, टॉर्च, हातमोजे
- मऊ ब्रश आणि एसी कॉइल साफ करायचा फेसाचा स्प्रे
- एसीचं मॅन्युअल. मॉडेल नंबर जाळी काढल्यावर आतल्या स्टिकरवर दिसतो. त्यावरून मॅन्युअल इंटरनेटवर सापडतं
- गाडी नवी असेल तर वॉरंटीचे कागद. डीलरला आधी विचारा, काय उघडलेलं चालतं ते लेखी घ्या

एक गोष्ट ठासून सांगतो. राखाडी कापडी डक्ट टेप आणू नका. नाव डक्टचं असलं तरी ओल आणि उष्णता यांत तिचा गोंद सुटतो. माझ्या छतात कोणीतरी आधी लावलेली तीच पट्टी लोंबत होती.

१. आधी मोजा

बाहेर निदान ९० फॅरेनहाइट असेल अशा दुपारी एसी पूर्ण वेगावर, अर्धा तास चालू ठेवा. मधल्या जाळीवर थेट खाली वारा सोडणाऱ्या झडपा असतील तर त्या बंद करा, नाहीतर पुढचं माप चुकतं. मग चार ठिकाणचं तापमान लिहा: खोलीत छातीच्या उंचीवर, हवा खेचणाऱ्या जाळीपाशी, सगळ्यात जवळच्या व्हेंटमध्ये आणि सगळ्यात लांबच्या व्हेंटमध्ये.

माझे आकडे असे होते. बाहेर १०१, खोलीत ८४, जाळीपाशी ७६, जवळच्या व्हेंटमध्ये ५७, लांबच्या व्हेंटमध्ये ६६.

आता वाचायचं कसं? जाळी आणि जवळचा व्हेंट यांतला फरक साधारण १६ ते २२ अंश असेल तर मशीन आपलं काम करतंय. माझा १९ होता. पण जाळीपाशी ७६ आणि खोलीत ८४? गरम हवा वर जाते, म्हणजे छताशी तापमान खोलीइतकं किंवा थोडं जास्तच हवं. ते आठ अंशांनी कमी आहे, याचा अर्थ गार हवा पडदीतून चोरवाटेने जाळीकडे येते आहे. आणि जवळच्या-लांबच्या व्हेंटमधला नऊ अंशांचा फरक म्हणजे डक्टमध्येही गळती. चार आकड्यांत दोन्ही रोग सापडले.

थर्मामीटर नसेल त्या दिवशी टिश्यू पेपरची पट्टी प्रत्येक व्हेंटखाली धरा. कुठे फडफडते, कुठे नुसती हलते, ते कळतं. जाळीच्या कडांभोवती पेटती अगरबत्ती फिरवली तर धूर कोणत्या फटीत ओढला जातो तेही दिसतं. धुराचा अलार्म वाजेल, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

२. फिल्टर आणि कॉइल

जाळीतले फिल्टर काढून कोमट पाण्यात, भांड्याच्या साबणाच्या दोन थेंबांत धुवा. पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका. उन्हाळ्यात दर दोन आठवड्यांनी हे करायचं, कुत्रा सोबत असेल तर दर आठवड्याला.

फिल्टर काढल्यावर टॉर्चने वर बघा. गाडी जुनी असेल तर कॉइलच्या, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या, पातळ पत्र्यांवर धुळीची घोंगडी बसलेली असते. पुढची पायरी करताना वीज बंद असेलच, तेव्हा ब्रशने वरून खाली, पत्र्यांच्या दिशेनेच झाडा आणि मग फेसाचा स्प्रे मारा. आडवा हात फिरवला तर पत्रे वाकतात आणि हवेची वाट बंद होते.

३. छताची जाळी उघडा

वीज पूर्ण तोडा. पार्कच्या खांबावरचा ब्रेकर बंद करून केबल उपसून ठेवा, जनरेटरचं आपोआप सुरू होणं बंद करा, इन्व्हर्टर बंद करा. एवढं करूनही एसीचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, भारलेला राहू शकतो. म्हणून कंट्रोल बॉक्सचं झाकण उघडायचं नाही. या कामात त्याची गरजच पडत नाही.

जाळीचे स्क्रू सोडवण्याआधी फोटो काढा, सोडवताना काढा, सोडवल्यावर काढा. एका पातळ वायरला लावलेला छोटा सेन्सर कॉइलमध्ये खोचलेला असतो. कॉइलवर बर्फ धरू लागला की मशीन थांबवणं हे त्याचं काम. तो निघाला तर नेमका त्याच जागी परत खोचा. आमच्या एका मित्राचा सेन्सर बाहेर लोंबत राहिला आणि रात्रीतून अख्खं कॉइल गोठलं.

आत जे दिसेल ते पाहून घाबरू नका. माझ्या जाळीमागच्या पेटीत लाकडाचा भुसा होता, फोमचे तुकडे होते, पडदीच्या वरच्या कडेला दोन बोटं सरळ आत जातील एवढी फट होती. डक्टच्या तोंडाशी कापलेल्या फॉइलचा एक पापुद्रा वाऱ्यात दारासारखा उघडझाप करत असावा, इतका तो मळला होता. भोकाच्या कडेला छताचं उघडं प्लायवूड आणि त्यामागे छताची पोकळी दिसत होती. म्हणजे काही गार हवा थेट छताच्या पोटात जात होती. महागड्या गाड्यांतही मी हेच पाहिलंय.

४. फटी बुजवा

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

भुसा व्हॅक्यूमने ओढून घ्या. जिथे पट्टी लावायची ती प्रत्येक जागा अल्कोहोलने पुसा आणि दहा मिनिटं वाळू द्या. उघड्या प्लायवूडवर धूळ राहिली तर पट्टी महिनाभरात सुटते.

पडदीपासून सुरुवात करा. ती जिथे मशीनला टेकते ती वरची कड, जिथे जाळीला टेकते ती खालची कड आणि दोन्ही बाजू. फट अर्ध्या इंचापेक्षा मोठी असेल तर आधी फोमचा तुकडा मापात कापून ठोसून बसवा आणि त्यावर पट्टी चढवा. नुसती पट्टी एवढ्या मोठ्या फटीवर ताण धरत नाही. पट्टी लावली की चमच्याच्या पाठीने घासून घासून बसवा.

मग भोकाच्या चारही कडा. गार हवेच्या बाजूला छताचं लाकूड किंवा पोकळी कुठेही उघडी राहता कामा नये. आणि खेचणाऱ्या बाजूलाही तेवढ्याच काळजीने लावा. ही बाजू बरेच जण सोडून देतात, कारण तिथून गार हवा जात नाही असं वाटतं. पण तिथे हवा ओढली जाते. फट असेल तर मशीन खोलीची हवा सोडून उन्हाने तापलेल्या छताच्या पोटातली हवा ओढतं.

शेवटी डक्टची तोंडं. लोंबणारे पापुद्रे कापून टाका, डक्टची कड आणि पेटी यांतला सांधा पट्टीने बंद करा. पेटीत हवा वरून खाली येते आणि तिला काटकोनात वळून डक्टमध्ये जायचं असतं. सपाट तळावर आदळून ती घुटमळते. मी फोमचे दोन तिरके तुकडे ४५ अंशांत कापून, पूर्णपणे फॉइलपट्टीत गुंडाळून, तळाशी अशा तऱ्हेने चिकटवले की हवा दोन्हीकडच्या डक्टकडे उतरणीवरून जावी तशी जाते. ठरावीक मॉडेलसाठी याचे तयार साचेही विकत मिळतात. मापं घेऊन कापायचा कंटाळा असेल तर ते घ्या. तुकडा बसवताना दोन गोष्टी पाळा: डक्टचं तोंड अरुंद होऊ द्यायचं नाही आणि उघडा फोम कुठेही ठेवायचा नाही, कारण तो पेट घेतो.

डब्यातला फुगणारा फोम इथे मारू नका. तो किती फुगेल यावर ताबा राहत नाही. एकदा डक्टमध्ये शिरून वाळला की छत उघडल्याशिवाय निघत नाही.

५. प्रत्येक व्हेंट उतरवा

हे काम कंटाळवाणं आहे, पण मागच्या खोलीचं नशीब इथे ठरतं. व्हेंट दोन-तीन स्क्रूंवर किंवा नुसत्या खटक्यावर बसलेला असतो. काढल्यावर फोनचा कॅमेरा आत घालून दोन्ही दिशांना व्हिडिओ घ्या. माझ्या एका व्हेंटचं छताचं भोक आणि डक्टचं भोक एकमेकांवर आलंच नव्हतं. अर्धी वाट बंद होती. कटरने डक्टचा भाग हळूहळू कापून वाट मोकळी केली. कापताना पातं एका इंचाहून आत घालू नका, आसपास दिव्यांच्या वायरी असतात.

छताचा पातळ पत्रा आणि डक्ट यांच्यामध्ये सगळीकडून फट असते. त्या फटीतून गार हवा छतात पसरते. पट्टीचे छोटे छोटे तुकडे करून गोल कड बंद करा.

आता शेवटचा व्हेंट. बऱ्याच गाड्यांत डक्ट तिथे संपत नाही, पुढे दोन-चार फूट आंधळ्या गल्लीसारखा जातो. फोमचा ठोकळा फॉइलपट्टीत गुंडाळून शेवटच्या व्हेंटच्या लगेच पुढे घट्ट बसवा. हवेला खाली उतरण्यावाचून वाट राहत नाही. आमच्या पलंगावरच्या व्हेंटचा झोत या एका ठोकळ्याने बदलला.

एक सापळा: मागे जास्त हवा जावी म्हणून पुढचे व्हेंट पूर्ण बंद करू नका. एकूण हवा कमी झाली की कॉइल गोठतं. पुढचे थोडे तिरके करा, एवढं पुरे. बाथरूमचा मात्र निम्मा बंद चालतो.

६. गॅस्केट आणि वरचं कव्हर

मशीन आणि छत यांच्यामध्ये जाड रबरी फोमचं गॅस्केट असतं. चार लांब बोल्ट आतून ते आवळून धरतात. प्रवासाच्या धक्क्यांनी बोल्ट सैल होतात. चारही थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. गॅस्केट साधारण अर्ध्या इंचापर्यंत दाबलं गेलं की थांबा. जोर लावून आवळलं तर गॅस्केट कायमचं चेपतं आणि पावसाचं पाणी आत येतं. छतातून पाणी ठिबकत असेल तर आधी याचाच संशय घ्या.

वर चढायचं असेल तर छत माणसाचं वजन पेलतं का ते मॅन्युअलमध्ये बघा. पेलत नसेल तर शिडीवरूनच काम करा. कव्हरखालच्या बाहेरच्या कॉइलवर पानं, कापूस, गांधिलमाशीची घरं असतात. ती साफ करा. गार बाजूच्या पत्र्याच्या पेटीचे सांधे उघडे दिसले तर तिथेही पट्टी.

७. परतीची वाट आणि ऊन

मागच्या खोलीचं दार रात्री बंद करता ना? मग तिथे गेलेली हवा परत जाळीकडे यायची कुठून? दाराखाली निदान एक इंच जागा हवी. आमच्या दाराखाली गालिचा अडकत होता. तो काढला आणि दारात पायाशी एक छोटा पंखा पुढच्या दिशेने तोंड करून ठेवला.

छतातल्या हवा खेळती ठेवायच्या खिडक्यांना १४ इंची उशा मिळतात, त्या बसवा. बाथरूमच्या काचेच्या घुमटाखाली चांदीच्या रंगाची उष्णतारोधक शीट कापून लावा. पार्कमध्ये जागा निवडताना दुपारनंतर सावली कुठे पडेल ते बघा. मोठ्या काचा पश्चिमेला येऊ देऊ नका. आणि एसी सकाळी नऊला लावा. दुपारी दोनला तापलेली भिंत, फर्निचर, गाद्या, सगळं गार करायला छोट्या मशीनला रात्र होते. फिनिक्सला २०२३च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ११० किंवा त्याच्या वर होता. तशा हवेत कितीही फटी बुजवल्या तरी सावली आणि लवकर सुरुवात यांना पर्याय नाही.

दमट किनाऱ्यावर, गॅल्व्हेस्टनसारख्या ठिकाणी, पंखा कमी वेगावर ठेवू नका. हवा संथ झाली की कॉइलवर बर्फ धरतो आणि झोत हळूहळू मरतो. तसं झालंच तर थर्मोस्टॅटवर कूलिंग बंद करून नुसता पंखा जोरात चालवा, तासाभरात बर्फ वितळतो.

८. व्होल्टेज

सॉकेटमध्ये लावायचा व्होल्टेज मीटर स्वस्तात मिळतो. गर्दीच्या पार्कमध्ये दुपारी व्होल्टेज उतरतो. १०५ च्या खाली गेला तर एसी बंद करा, कॉम्प्रेसर जळतो. घरगुती पातळ एक्स्टेन्शन केबलवर एसी चालवायचा नाही. ३० अँपिअरच्या गाडीला १० गेजची वायर लागते.

९. पुन्हा मोजा

पायरी १ चे चारही आकडे त्याच वेळी, तशाच उन्हात पुन्हा घ्या. माझे नंतरचे: बाहेर १००, खोलीत ७७, जाळीपाशी ७७, जवळचा व्हेंट ५७, लांबचा ६०. मशीन तेच, जवळच्या व्हेंटचा आकडाही तोच. दोन्ही वेळचे आकडे मी कपाटाच्या दाराच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवलेत. दर वसंतात पट्ट्या तपासतो आणि खाली नवी ओळ घालतो.

सगळं करूनही जाळी आणि जवळचा व्हेंट यांतला फरक १४ अंशांच्या खाली राहत असेल, तर मात्र तंत्रज्ञाला बोलवा. दोन्ही तक्ते त्याच्यापुढे ठेवा आणि आधी पंख्याची मोटर व कपॅसिटर तपासायला सांगा. ते ठीक असतील तर गॅस गेला असण्याची शक्यता आहे. छतावरचे बहुतेक एसी सीलबंद असतात, त्यांत घरच्या एसीसारखा गॅस सहज भरता येत नाही. तेव्हा नवं मशीन घेणं योग्य. ते त्याच १४ इंची भोकात बसेल. जुनं उचलल्यावर भोक वरून उघडं असेल, तेव्हा तंत्रज्ञाला अर्धा तास थांबायला सांगून पायरी ४ चं काम छतावरूनच उरकून घ्या. भोकाच्या कडांना हात तेव्हा जितका नीट पोचतो तितका पुन्हा कधी पोचत नाही.